मास्टर विनायक आणि कोल्हापूरचा हास्यपट

१९ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वतंत्र भारताच्या अवघ्या पाचव्या दिवशी, मुंबईत मास्टर विनायक यांचे निधन झाले. वय होते फक्त ४१ वर्षांचे. 'मंदिर' हा त्यांचा चित्रपट त्या वेळी अपुरा होता. घरी लहान मुले होती. पुढे हिंदी पडद्यावर नंदा या नावाने प्रसिद्धीस आलेली कन्या जेमतेम आठ वर्षांची होती. देशभर उत्साह आणि फाळणीचा आक्रोश एकाच वेळी ऐकू येत असताना, एका मराठी दिग्दर्शकाचे जाणे इतिहासाच्या पानावर ठळकपणे उमटले नाही, यात नवल नाही.

मात्र त्यांच्याबरोबर मराठी बोलपटातील खळाळत्या विनोदाचे एक पर्व संपले, असे तेव्हापासून म्हटले जाते. ते पूर्णपणे खरे नाही. 'धर्मवीर'पासून 'सरकारी पाहुणे'पर्यंत पाच-सहा वर्षे मराठी प्रेक्षकाला हसवणारी ती परंपरा विनायकरावांच्या मृत्यूने थांबली नाही. ती त्याआधीच विस्कटली होती, आणि ती विस्कटण्यात दस्तुरखुद्द विनायकरावांच्या ओढीचाही वाटा होता. लोकांना हसू येईनासे झाले म्हणून विनोद संपला, की हसवणाऱ्यांची मैफलच उठली म्हणून, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या छोट्याशा आयुष्यात सापडते.

विनायक दामोदर कर्नाटकी यांचा जन्म १९ जानेवारी १९०६ रोजी कोल्हापुरात झाला. कलावंतांचे हे गोत्र मोठे विलक्षण. बाबूराव पेंढारकर आणि भालजी पेंढारकर हे त्यांचे वडील बंधू, छायालेखक वासुदेव कर्नाटकी हे सख्खे भाऊ, तर व्ही. शांताराम जवळचे आप्त. विनायकरावांनी काही काळ शिक्षकाची नोकरी केली आणि 'मास्टर' ही उपाधी जन्माची चिकटली. बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीने कोल्हापूरला चित्रपटाचे वेड लावले होते. त्या कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींनी १९२९ मध्ये याच गावात 'प्रभात' काढली. घरात आणि गावात असे वारे वाहत असताना विनायकरावांचा खडू फार काळ हातात राहणे शक्यच नव्हते.

१९३२ च्या 'अयोध्येचा राजा'मध्ये ते नारद होऊन पडद्यावर आले. त्यानंतर 'प्रभात'च्या आणखी काही बोलपटांत त्यांनी कामे केली. गोरा, नाजूक चेहरा, गाता गळा आणि डोळ्यांत एक मिश्कील चमक, हे त्यांचे भांडवल. परंतु १९३३ मध्ये 'प्रभात'ने बिऱ्हाड पुण्याला हलवले आणि कोल्हापूर एकाएकी रिकामे झाले. ही पोकळी भरून काढण्यासाठी छत्रपती राजाराम महाराजांच्या आश्रयाने 'कोल्हापूर सिनेटोन' उभी राहिली. तिच्या पहिल्या बोलपटाचे, १९३४ च्या 'आकाशवाणी'चे, दिग्दर्शन भालजींनी केले. पुढच्याच वर्षी 'विलासी ईश्वर'द्वारे विनायकराव दिग्दर्शक झाले. मामा वरेरकरांची कथा आणि शोभना समर्थ यांचे पदार्पण, ही त्या चित्रपटाची आज लक्षात राहिलेली ओळख. कोल्हापूर सोडून जाणाऱ्या कंपन्या आणि कोल्हापुरात टिकून राहण्याची धडपड करणारी माणसे, हा खेळ विनायकरावांनी उमेदवारीच्या दिवसांतच पाहिला होता. पुढे तोच त्यांच्या वाट्याला आला.

१९३६ मध्ये विनायकराव, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक या तिघांनी कोल्हापुरात 'हंस पिक्चर्स' स्थापन केली. 'प्रभात'जवळ भव्य सेटिंग्ज होती, तांत्रिक करामती होत्या. 'हंस'जवळ यातले फारसे काही नव्हते. म्हणून 'हंस'ने भर दिला तो लेखकावर. मराठी साहित्यातील नामवंतांना सन्मानाने बोलावून त्यांच्याकडून पडद्यासाठी लिहवून घ्यायचे, ही रीत विनायकरावांनी जितक्या निष्ठेने पाळली तितकी त्या काळात क्वचितच कोणी पाळली असेल. पहिलाच चित्रपट 'छाया' हा वि. स. खांडेकरांच्या लेखणीतून उतरला. गरिबी, अन्याय आणि त्यात होरपळणारे एक सुशिक्षित कुटुंब यांची ती करुण कहाणी होती. शिरोड्याच्या शाळेत शिकवणारे खांडेकर या निमित्ताने चित्रसृष्टीत आले आणि पुढे १९३८ मध्ये कोल्हापूरकरच झाले.

दुसरा लेखक आला पुण्याहून. आचार्य प्र. के. अत्रे. खांडेकर आणि अत्रे दोघेही १८९८ सालचे, दोघेही शिक्षक; पण स्वभावात दोन ध्रुवांचे अंतर. एकाची लेखणी अश्रूंत बुडालेली, तर दुसऱ्याची चिमटे काढायला टपलेली. विनायकरावांनी या दोघांना आलटून पालटून लिहायला लावले, आणि 'हंस'चा संसार या दोन चाकांवर चालला. १९३७ च्या 'धर्मवीर'मध्ये अत्र्यांनी धर्माच्या आडून चालणाऱ्या ढोंगाची खिल्ली उडवली. त्यातून प्रेक्षकांना एक नवीच गोष्ट कळली. पौराणिक मुकुट न घालता, राजवाड्याचे जिने न चढता, आपल्याच आळीतल्या माणसांकडे पाहून चित्रपटगृहात हसता येते!

पुढच्या वर्षी 'ब्रह्मचारी' आला. औदुंबर नावाचा एक भाबडा तरुण ब्रह्मचर्यावरचे व्याख्यान ऐकतो आणि पेटून उठतो. भिंतीवरची नट्यांची चित्रे फेकून देतो, व्यायाम करू लागतो, बलोपासना शिकवणाऱ्या संस्थेत दाखल होतो. आणि तिथेच किशोरी भेटल्यावर त्याच्या साऱ्या प्रतिज्ञा हवेत विरतात. औदुंबर स्वतः विनायकरावांनी रंगवला, तर किशोरी होत्या मीनाक्षी शिरोडकर. मीनाक्षीबाईंचे पोहण्याच्या पोशाखातले जलक्रीडेचे गाणे एवढे गाजले आणि त्यावर एवढा धुरळा उडाला, की आजही 'ब्रह्मचारी' म्हटले की अनेकांना तेवढेच आठवते. हा चित्रपटावर थोडा अन्यायच म्हणायचा. त्याचे खरे बळ वेगळे होते. शिस्त, संघटना आणि संयम यांच्या भाषणांनी भारून गेलेल्या तिसाव्या दशकातल्या तरुणाला तो आरसा दाखवत होता, आणि ते करताना त्याचा अपमान मात्र करत नव्हता. औदुंबराला प्रेक्षक हसले ते आपल्याच धाकट्या भावाला हसावे तसे. विनायकरावांच्या विनोदाचे मर्म या हसण्यात होते.

१९३९ च्या 'ब्रँडीची बाटली'मध्ये दारूबंदीच्या वातावरणात औषधापुरती ब्रँडी मिळवायला निघालेल्या एका भोळसट कारकुनाची फजिती होती. कथा म्हणाल तर पोस्टाच्या तिकिटाएवढी. पण तेवढ्यात अत्र्यांनी दारूबाज, दारूबंदीवाले आणि दोन्हीकडे पाय ठेवणारे अशा सगळ्यांची हजेरी घेतली.

या चित्रपटांचा आणखी एक आधार म्हणजे दामुअण्णा मालवणकर आणि विष्णुपंत जोग ही जोडी. दामुअण्णा मूळचे रंगभूमीवरचे. मास्टर दीनानाथांच्या 'बलवंत संगीत मंडळी'त, गडकऱ्यांच्या 'भावबंधन'मधला त्यांचा कामण्णा गाजला होता. तिरळा डोळा हे एरवी नटाचे वैगुण्य ठरावे; दामुअण्णांनी त्याचे चलनी नाणे केले. ते कोणाकडे पाहत आहेत हे समोरच्याला कळेपर्यंत प्रेक्षागृह हसून मोकळे झालेले असे. जोग अंगापिंडाने धिप्पाड. या दोघांना एका चौकटीत उभे केले की निम्मे काम आपोआप होई. पण विनायकरावांनी त्यांना माकडचेष्टा करू दिल्या नाहीत. संवाद ऐकू यावा, शब्दाची गंमत पोहोचावी, म्हणून कॅमेऱ्याला त्यांनी पुष्कळदा स्वस्थ बसवले. ही गोष्ट त्यांच्या दिग्दर्शनाची मर्यादा म्हणून दाखवली जाते, आणि तंत्राच्या दृष्टीने ती आहेही. मात्र त्या मर्यादेतच तो विनोद फुलला, हेही खरे.

आता या चित्राची दुसरी बाजू. अत्र्यांच्या चित्रपटांवर गल्ला जमत असताना विनायकरावांचे मन खांडेकरांकडे ओढ घेत होते. 'ब्रह्मचारी'च्याच वर्षी, १९३८ मध्ये, त्यांनी चंद्रमोहन यांना घेऊन 'ज्वाला' हा खर्चिक चित्रपट काढला. लेखक खांडेकर. तो कोसळला आणि 'हंस'ला मोठा आर्थिक फटका बसला. तरीही १९३९ मध्ये खांडेकरांचाच 'देवता' आला आणि १९४१ मध्ये 'अमृत'. विनोदाने मिळवायचे आणि गांभीर्याने खर्च करायचे, असा जणू शिरस्ताच पडला. हसवणे ही आपली हातोटी आहे हे त्यांना ठाऊक होते, पण आपले जीवितकार्य त्याहून उंच आहे असा त्यांचा विश्वास असावा. हसवणाऱ्या कलावंताला लागलेला हा जुनाच शाप. चॅप्लिनसारख्या मोठ्या माणसालाही तो चुकला नव्हता. फरक इतकाच, की चॅप्लिनजवळ स्वतःच्या मालकीचा स्टुडिओ होता आणि साऱ्या जगाची बाजारपेठ होती. विनायकरावांजवळ कोल्हापूर होते, आणि फार तर पुणे-मुंबईची मराठी चित्रपटगृहे.

'हंस'च्या अडचणींतून १९४० च्या सुमारास 'नवयुग चित्रपट' ही नवी कंपनी पुण्यात सुरू झाली. कंपनी मोठी, भागधारकांची, कारभार संचालकांच्या हाती. तिथे विनायकरावांनी सर्वांत गोड असा एक योग जुळवून आणला. बडोद्यात पाली भाषेचे अध्यापन करणाऱ्या चिं. वि. जोशी यांचे चिमणराव आणि गुंड्याभाऊ तोवर मराठी घराघरांत पोहोचले होते. भित्रा, विचारी, सदैव पेचात सापडणारा कारकून चिमणराव आणि सोटा घेऊन कोणत्याही प्रसंगाला सामोरा जाणारा त्याचा दणकट भाऊ गुंड्याभाऊ. विनायकरावांनी दामुअण्णांना चिमणराव केले आणि जोगांना गुंड्याभाऊ. १९४० मध्ये 'लग्न पहावे करून' आला, १९४२ मध्ये 'सरकारी पाहुणे'. पहिल्यात लग्न जमवताना मध्यमवर्गीय घराची होणारी तारांबळ, दुसऱ्यात संस्थानी पाहुणचाराची गंमत. संस्थानातच लहानाचे मोठे झालेल्या विनायकरावांना दरबारी थाटमाटामागचा पोकळपणा कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती.

एकच कुटुंब, तीच माणसे, त्यांच्यावर ओढवणारे नवे प्रसंग. आज दूरचित्रवाणीच्या भाषेत ज्याला विनोदी मालिका म्हणतात, तिचा सांगाडा या दोन चित्रपटांत तयार होता. चिंविंच्या पोतडीत असे आणखी कितीतरी प्रसंग शिल्लक होते. नट तयार होते, दिग्दर्शकाला पात्रांची नस सापडली होती, आणि प्रेक्षकाने ही माणसे आपली म्हणून स्वीकारली होती. तरीही विनायकरावांच्या हातून तिसरा चिमणराव झाला नाही.

का झाला नाही, याचे एकच एक कारण देता येत नाही. अत्रे तोवर दूर झाले होते. त्यांनी स्वतःची चित्रसंस्था काढली आणि १९४१ मध्ये 'पायाची दासी' पडद्यावर आणला. दुसरीकडे 'नवयुग'मध्ये मतभेद वाढले. 'पहिली मंगळागौर' या चित्रपटाचे काम चालू असतानाच विनायकराव कंपनीतून बाहेर पडले. तो चित्रपट रा. शं. जुन्नरकर यांनी पुरा केला. लेखक एकीकडे, कंपनी दुसरीकडे आणि दिग्दर्शक तिसरीकडे, अशी ही पांगापांग झाली. विनोदी चित्रपटाला नटांइतकीच एकमेकांच्या लकबी ओळखणाऱ्या माणसांची गरज असते. ती सलगी पगारपत्रकावर मिळत नाही, आणि एकदा तुटली की नव्याने जुळायला वर्षे लागतात.

विनायकराव पुन्हा कोल्हापुरात आले आणि त्यांनी 'प्रफुल्ल पिक्चर्स' काढली. या काळातली त्यांची एक कृती मात्र त्यांच्या सर्व चित्रपटांहून अधिक दूरवर पोहोचली. एप्रिल १९४२ मध्ये मास्टर दीनानाथांचे निधन झाले आणि मंगेशकर कुटुंब उघड्यावर पडले. थोरली लता तेव्हा बारा वर्षांची. 'पहिली मंगळागौर'मध्ये तिला छोटी भूमिका मिळाली होती. 'प्रफुल्ल' निघाल्यावर विनायकरावांनी तिला कंपनीत मासिक पगारावर ठेवून घेतले. कोल्हापुरातल्या त्या दिवसांनी एका कुटुंबाची चूल पेटती ठेवली. लताबाईंना अभिनयाची आवड कधीच नव्हती. पण तेव्हा आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता.

'माझे बाळ', 'चिमुकला संसार' आणि १९४४ चा 'गजाभाऊ' हे 'प्रफुल्ल'चे मराठी चित्रपट. त्यांची नावे आज अभ्यासकांपलीकडे फारशी कोणाला आठवत नाहीत. काळही हसण्याचा राहिला नव्हता. १९४२ चे आंदोलन पेटले होते. कोल्हापुरात गव्हर्नर विल्सनच्या पुतळ्याला डांबर फासले गेले. महागाई होती, धान्याचे रेशन होते. स्थळे पाहणाऱ्या, पेन्शनीचा हिशेब करणाऱ्या चिमणरावी जगाची घडीच या वर्षांत विसकटत होती.

आणि सर्वांत मोठा घाला पडला कच्च्या फिल्मचा. दुसऱ्या महायुद्धामुळे परदेशातून येणारी फिल्म दुर्मीळ झाली. सरकारने चित्रपटाची लांबी ११,००० फुटांवर आणली आणि १९४३ पासून फिल्मसाठी परवाना लागू केला. ज्याला मोजकीच फिल्म मिळणार, तो ती मोजक्या मराठी चित्रपटगृहांसाठी का खर्च करील? हिंदी चित्रपट देशभर चालत असे. साहजिकच मराठी निर्मिती आटत गेली आणि युद्धाच्या अखेरीस अगदीच हाताच्या बोटांवर आली. 'हंस'च्या काळात एकाच कथेचे मराठी आणि हिंदी असे दोन अवतार काढून विनायकरावांनी हा प्रश्न सोडवला होता. ती चैनही आता परवडणारी नव्हती.

१९४५ च्या सुमारास 'प्रफुल्ल'ने मुंबई गाठली. 'प्रभात' पुण्याला गेली तेव्हा मागे राहिलेला माणूस बारा वर्षांनी स्वतःच कोल्हापूर सोडून निघाला. त्याच वर्षी नूरजहाँ यांना घेऊन केलेला 'बडी माँ' आला. युद्धप्रयत्नांना पूरक असा त्याचा विषय होता, आणि लता व आशा या दोघी बहिणी त्यात छोट्या भूमिकांत होत्या. १९४६ मध्ये 'सुभद्रा' आणि 'जीवनयात्रा'. हे चित्रपट टाकाऊ नव्हते. परंतु 'ब्रह्मचारी'चा दिग्दर्शक त्यांत शोधू गेल्यास सापडत नाही. विनायकरावांचा विनोद मराठी बोलीच्या आडवळणांवर, पुणेरी खवचटपणावर आणि कोल्हापुरी मोकळेपणावर उभा होता. हिंदीच्या सपाट संवादात त्याला पाय रोवायला जागा नव्हती. मुंबईत मुसळासारखा खर्च, सतत नव्या नटनट्यांशी करार आणि कर्जाचे ओझे, यांत प्रकृतीही ढासळत गेली. 'मंदिर'चे चित्रीकरण चालू असताना सर्व संपले. त्यांचे सहकारी दिनकर द. पाटील यांनी तो चित्रपट पुरा केला आणि १९४८ मध्ये तो प्रदर्शित झाला. त्यातल्या बालकलाकारांत विनायकरावांची नंदा होती. वडिलांच्या माघारी घर चालवण्यासाठी तिने लहानपणीच तोंडाला रंग लावला. १९५६ मध्ये शांतारामांनी 'तूफान और दिया'मध्ये तिला मोठी भूमिका दिली.

प्रेक्षकांची रुची बदलली, म्हणून विनायकरावांच्या चित्रपटांचे युग सरले, असे पुष्कळदा लिहिले जाते. तारखा मात्र निराळे सांगतात. रुची बदलली ती १९४७ मध्ये. त्या वर्षी दिनकर पाटलांचा 'जय मल्हार' आणि राजकमलचा 'लोकशाहीर रामजोशी' आले, आणि ग्रामीण बाज व तमाशाची ढोलकी यांनी मराठी पडदा काबीज केला. 'सरकारी पाहुणे' येऊन तोवर पाच वर्षे झाली होती. म्हणजे मैदान आधीच मोकळे पडले होते. ढोलकीने ते कोणाकडून हिसकावून घेतले नाही. जानेवारी १९४८ मध्ये गांधीहत्येनंतरच्या जाळपोळीत कोल्हापुरातला भालजींचा 'जयप्रभा' स्टुडिओ भस्मसात झाला. मूळ 'कोल्हापूर सिनेटोन'ची, विनायकरावांच्या पहिल्या दिग्दर्शनाची हीच वास्तू.

शहरी मध्यमवर्गाला हसवणारा चित्रपट पुन्हा जोमाने आला तो १९५२ मध्ये, राजा परांजपे यांच्या 'लाखाची गोष्ट' आणि 'पेडगावचे शहाणे' यांतून. दोन्हींचे लेखक ग. दि. माडगूळकर. गदिमांनी चित्रपटात पहिले पाऊल टाकले होते 'हंस'च्या दारात, 'ब्रह्मचारी'मधल्या एका किरकोळ भूमिकेसाठी. पुढे विनायकरावांच्या हाताखाली त्यांनी उमेदवारीही केली.

चिमणरावाला मात्र आणखी वाट पाहावी लागली. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबई दूरदर्शनने 'चिमणराव-गुंड्याभाऊ' ही मालिका सादर केली. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. कृष्णधवल संच असलेल्या घरात शेजारीपाजारी दाटीवाटीने बसून तेच जुने पेच आणि तीच जुनी फजिती पाहू लागले. ती इतकी लोकप्रिय झाली की १९७९ मध्ये त्याच नावाचा चित्रपटही निघाला. चिं. वि. जोशी १९६३ मध्ये निवर्तले होते, आणि पडद्यावरचे पहिले चिमणराव, दामुअण्णा मालवणकर, १९७५ मध्ये.